चाकू हातात घेण्याआधी: एस्क्रिमा आणि फेन्सिंगच्या मिश्र सरावाची सुरुवात

नवीन येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, चाकू धरायचा कसा? मी त्याला आधी मोजे काढून फरशीवर उभं राहायला सांगतो. पहिले दोन आठवडे त्याच्या हातात काहीच नसतं. यात काही जण गळतात. जे उरतात त्यांच्यासाठी हा लेख.

माझं म्हणाल तर शाळा-कॉलेजात मी फेन्सिंग, म्हणजे तलवारबाजीचा खेळ, केलं. त्यातलं एपे खेळलो, म्हणजे फक्त टोकाने वार करायची तलवार. जिल्ह्यापर्यंत बरा, राज्यात पहिल्या फेरीत घरी, असा खेळाडू. पुढे नोकरीनिमित्त दोह्यात होतो. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दर शुक्रवारी सकाळी एक फिलिपिनो सुपरवायझर चार-पाच जणांना काठी शिकवायचा, म्हणजे एस्क्रिमा, त्यांच्याकडची काठी-चाकूची युद्धकला. तो सेबूचा. सगळे त्याला ‘कुया’ म्हणायचे. त्यांच्याकडे कुया म्हणजे दादा. पहिल्याच दिवशी मी ऐटीत लंज मारला, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून टोकासह झेपावलो. काठीचं टोक त्याच्या छातीला टेकलं खरं, पण तोवर माझ्या मनगटावर त्याचा फटका बसून गेला होता. पुढच्या शुक्रवारी मी छातीचा नाद सोडला. तो वार काढायला हात पुढे आणतोय तोच त्या हाताला टोक लावलं आणि मागे सरकलो. कुया थांबला, म्हणाला, हे पुन्हा कर. तिथून आमची देवाणघेवाण सुरू झाली. मी त्याला अंतर शिकवायचो, तो मला रिकामा हात वापरायला शिकवायचा.

हे मिश्रण काही आमचा शोध नव्हे. एस्क्रिमा हा शब्दच मुळी स्पॅनिश ‘एस्ग्रिमा’वरून आला, आणि एस्ग्रिमा म्हणजे तलवारबाजी. स्पेनने फिलिपिन्सवर १५६५ ते १८९८ राज्य केलं. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात खंजीर या प्रकाराचं नाव तिकडे आजही ‘एस्पादा इ दागा’ आहे. सेबूत १९२० साली स्थानिक काठीवाल्यांनी संस्था काढली तिचं नाव लाबांगोन फेन्सिंग क्लब. ती बंद पडल्यावर १९३२ मध्ये तिथल्याच मंडळींनी ‘दोसे पारेस’ सुरू केली. स्पॅनिशांकडून किती आलं आणि मूळचं किती, यावर तिकडे तासन्‌तास वाद चालतात. त्यात आपण पडायचं कारण नाही. होसे रिझाल आणि चित्रकार हुआन लुना यांचा पॅरिसमधला एक फोटो आहे, फेन्सिंगच्या पोशाखातला. देशाचा राष्ट्रपुरुष तलवारबाज होता, एवढं पुरे. डिसेंबर २००९ मध्ये कायदा क्रमांक ९८५० करून फिलिपिन्सने आर्निसला राष्ट्रीय खेळाचा दर्जा दिला. आर्निस, एस्क्रिमा, काली ही ढोबळमानाने एकाच कुळाची नावं. त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत डॅन इनोसांतो यांच्यासारख्या शिक्षकांमुळे ही विद्या जगभर गेली. त्यांचे स्नेही ब्रूस ली यांनी तर फेन्सिंगमधला ‘स्टॉप हिट’, म्हणजे समोरचा वार करायला निघतो तेव्हाच त्याला मारणं, सरळ मुक्क्यांच्या लढाईत आणला.

आता कामाचं बोलू.

सामान

खरा चाकू सरावाच्या जागेत आणायचा नाही. बोथट केलेला नाही, म्यानात घातलेला नाही, आंबा कापायला आणलेलासुद्धा नाही. दमलेला माणूस चुकून कुठला उचलेल सांगता येत नाही.

सुरुवातीला रबरी किंवा मऊ प्लॅस्टिकचा चाकू घ्या, शक्यतो भडक लाल किंवा निळा. तोही मिळाला नाही तर वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करून तिला चिकटपट्टी मारा. फूटभर लांबीचं उत्तम हत्यार तयार होतं आणि डोळा सोडला तर कुठेही लागलं तरी चालतं. डोळ्यासाठी गॉगल हवाच. लॅबमध्ये वापरतात तो बाजू बंद असलेला चालेल. फेन्सिंगचा मास्क असेल तर फार चांगलं, पण तो बारीक पात्याचं टोक अडवायला बनवलेला असतो आणि डोक्यामागे उघडा असतो. काठीचा जोरकस फटका झेलणं हे त्याचं काम नाही.

काठी वेताची घ्या. साधारण २८ इंच लांब, अंगठा आणि तर्जनीचं कडं बसेल इतकी जाड. बांबू नको: तो फुटला की त्याच्या धारदार कपच्या निघतात. वेत फुटत नाही, झिजून त्याचा झाडू होतो. काठी कशाला, शिकायचा तर चाकू आहे, असं विचाराल. लांब हत्याराने दिशा डोळ्यांना दिसतात. चाकूने सुरुवात केली तर सगळं मनगटापाशी गिचमीड होतं.

पाय

आपल्याकडच्या हॉलमध्ये बहुधा दोन फूट बाय दोन फुटांच्या चौकोनी फरश्या असतात. यापेक्षा चांगलं साधन नाही.

आधी फेन्सिंगची चाल. ज्या हातात हत्यार येणार त्या बाजूचा पाय पुढे, दोन पावलांत खांद्याइतकं अंतर, गुडघे किंचित वाकलेले. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा आधी, आणि पाय एकमेकांना कधीही ओलांडत नाहीत. फरशीच्या एका रेघेवर दहा मिनिटं पुढे-मागे. डोकं वरखाली होता कामा नये. घरी आरशासमोर करा, लगेच कळतं.

मग फिलिपिनो चाल. त्यांचा सगळा हिशेब त्रिकोणाचा. खडूने फरशीवर इंग्रजी व्ही काढा. टोकाशी उभे राहून एक पाऊल तिरपं उजवीकडे पुढे, परत. तिरपं डावीकडे पुढे, परत. मग व्ही उलटा करून तेच मागच्या दिशेने. फेन्सर रेघेवर चालतो कारण त्याची पट्टी १४ मीटर लांब आणि जेमतेम दीड-दोन मीटर रुंद असते. बाजूला जायला जागाच नाही. पार्किंगमध्ये, गल्लीत, जिन्यात अशी पट्टी कुणी आखून देत नाही. समोरून वार सरळ येत असेल तर सरळ मागे जाणारा माणूस त्याच वाराच्या वाटेवर राहतो आणि मागे सायकल असेल तर तिच्यावर आपटतो. तिरपं पाऊल त्याला वाटेतूनच काढतं.

माझा क्रम असा: लांबून अंतर राखायचं ते फेन्सिंगच्या पायांनी, आणि अंतर तुटलं की निसटायचं ते त्रिकोणाच्या पायांनी. महिनाभर फक्त एवढंच केलंत तरी वाया जात नाही. मला स्वतःला रेघेवरून उतरायला चार महिने लागले, एपेची सवय फार खोल गेलेली असते.

अंतर

फिलिपिनो पद्धतीत तीन अंतरं मोजतात. लार्गो, म्हणजे तुमचं हत्यार त्याच्या हातापर्यंत पोचतं पण अंगापर्यंत नाही. मेदियो, म्हणजे अंगापर्यंत पोचतं आणि तुमचा रिकामा हात त्याच्या हातापर्यंत. कोर्तो, म्हणजे कोपर-गुडघ्यांची गर्दी. नवख्यांना मेदियो आवडतं कारण तिथे ‘काहीतरी घडतं’. मात्र चाकूच्या बाबतीत जे घडतं ते दोघांच्याही अंगावर घडतं. तुमची जागा लार्गोत, नाहीतर दाराबाहेर.

अंतर डोक्याने शिकता येत नाही. त्यासाठी दोन खेळ:

एक काठी दोघांनी तळहातांच्या मध्ये टोकांनी दाबून धरायची, बोटांनी पकडायची नाही. एक जण पुढारी. तो पुढे-मागे-तिरपा हलेल, दुसऱ्याने काठी पडू न देता तेवढंच हलायचं. पाच मिनिटांनी अदलाबदल. सुरुवातीला काठी दर तिसऱ्या पावलाला पडते.

दुसरा फेन्सिंगमधला जुना खेळ. जोडीदार हातमोजा खांद्याच्या उंचीवर धरतो आणि न सांगता सोडतो. तुम्ही पाऊल टाकून तो जमिनीवर पडायच्या आत पकडायचा. जमला की अर्धं पाऊल मागे सरका. जिथून जमेनासं होतं ती तुमच्या झेपेची खरी हद्द, आणि ती बहुतेकांच्या समजुतीपेक्षा हातभर कमी निघते.

इथे फेन्सरांसाठी खास सूचना. एपे ११० सेंटिमीटरपर्यंत लांब असते, सरावाचा चाकू मुठीसकट फूटभर. एपेच्या सवयीने पूर्ण लंज मारलात तर गुडघा आणि चेहरा समोरच्याच्या हाताशी नेऊन ठेवाल. शिवाय तिकडे टोक लागलं की दिवा पेटतो, पंच ‘हॉल्ट’ म्हणतो आणि दोघं थांबतात. इथे पंच नसतो. म्हणून अर्धा लंज, आणि आत जाण्याइतकाच सराव बाहेर येण्याचा. मी तर आत जाणं एकदा आणि बाहेर येणं दोनदा करायला लावतो.

पाच दिशा आणि एक लक्ष्य

आता काठी हातात घ्या. बऱ्याच शाळा बारा वार शिकवतात. पाचांपासून सुरू करा, तिकडे त्यांना ‘सिंको तेरोस’ म्हणतात. उजवीकडून खाली तिरपा, डावीकडून खाली तिरपा, उजवीकडून आडवा, डावीकडून आडवा, आणि सरळ टोक. हा क्रम शाळेप्रमाणे बदलतो, भांडू नका. आकडा दिशेचा असतो, हत्याराचा नव्हे. काठी, चाकू, छत्री, मुठी, काहीही त्याच पाच वाटांनी येतं. त्यामुळे शंभर वारांवर शंभर उत्तरं पाठ करावी लागत नाहीत.

आणि लक्ष्य एकच: हत्यार धरलेला हात. एस्क्रिमावाले याला सापाचे दात पाडणं म्हणतात. एपे खेळणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. एपेत सगळं शरीर लक्ष्य असतं आणि सगळ्यात जवळ हातच असतो. जोडीदाराने पाचांपैकी कुठलाही वार हळू, खरोखर तुम्हाला लागेल अशा अंतरावरून टाकायचा; तुम्ही तिरपं पाऊल टाकून त्याच्या हाताला स्पर्श करायचा आणि लांब जायचं. आधी सांगून, मग न सांगता, मग थोडा वेग वाढवून. पहिले सहा महिने यापलीकडे आक्रमणाचं काही शिकू नये असं माझं ठाम मत आहे, आणि गळा-पोटाच्या गोष्टी पहिल्याच तासाला सांगणाऱ्या शिक्षकाकडे तर दुसऱ्या तासाला जाऊच नये.

रिकामा हात छातीसमोर, तळवा आत वळवलेला. मागे लटकलेला नको (फेन्सरांनो, तुम्हाला सांगतोय). त्याचं नाव ‘बान्ताय कामाय’, म्हणजे पहाऱ्यावरचा हात. तो पकडायला धावत नाही. ढकलतो, वळवतो, वाट बंद करतो. चाकू धरायची मूठही एकच ठेवा, पातं अंगठ्याच्या बाजूने वर. उलटी मूठ चित्रपटात छान दिसते.

फुगडी आणि लढाई

दोन-तीन महिन्यांनी ‘हुबुद’ येईल. दोघं समोरासमोर, एक वार टाकतो, दुसरा अडवतो-वळवतो-उलट वार टाकतो, पहिला तेच करतो, आणि चक्र फिरत राहतं. स्पर्शातून समोरच्याचा जोर ओळखायला हे अप्रतिम आहे. लय सापडली की इतकं गोड वाटतं की माणूस त्यातच रमतो.

तिथेच घोटाळा होतो. फुगडीत दोघींनाही गिरकी हवी असते. चाकू घेतलेल्या माणसाला तुमच्यासोबत गिरकी घ्यायची नसते. तो एकच हात एका पाठोपाठ एक मारत सुटतो, मागे खेचतो, शिव्या देतो, दुसऱ्या हाताने कॉलर धरतो. म्हणून हुबुद चालू असताना जोडीदाराने मध्येच चक्र मोडायचं: हात मागे खेचायचा, ढकलायचं, नाहीतर निघून जायचं. फेन्सिंगची शिस्त इथे उपयोगी पडते, कारण तिथला एक प्रसंग अडवणं, उलट वार आणि सुटका मिळून दोन सेकंदांत संपतो.

पांढरा बनियन

साधारण चौथ्या महिन्यात हे करा, आधी केलंत तर घाबराल, फार उशिरा केलंत तर स्वतःबद्दल गैरसमज पक्के झालेले असतील. दोघांनी जुने पांढरे बनियन घालायचे, गॉगल किंवा मास्क, हातमोजे. रबरी चाकूच्या धारेला लिपस्टिक फासायची. रंगीत खडूची ओली पूड पण चालते. एका मिनिटाची लढत. मग थांबून मोजायचं.

मी दोह्यात पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं तीनेक लागले असतील. बनियनवर नऊ रेघा होत्या आणि हातांवरच्या वेगळ्या. कुयाच्या अंगावर चार. तो माझ्याहून वीस वर्षं जास्त सराव केलेला माणूस, आणि त्यालाही चार! त्या दिवशी घरी जाताना कुणी काही बोललं नाही.

एपेत दोघांना एकाच क्षणी लागलं तर दोघांनाही गुण मिळतो आणि पुढे असलेला खेळाडू मुद्दाम ‘डबल’ घेऊन सामना संपवतो. हा हिशेब चाकूच्या सरावात राहिला तर सगळी मेहनत फुकट. आमच्याकडे डबल झाला की दोघांनी वीस बैठका. आणि बाकी गुणपद्धतही वेगळी: वार लावल्याला गुण नाही, एक मिनिट एकही रेघ न येता काढलं तर एक गुण. लोक आपोआप लांब राहायला शिकतात. पुढची पायरी म्हणजे हॉलचं दार उघडं ठेवणं. बचाव करणाऱ्याने दाराबाहेर पोचायचं, बस्स. चाकूवाल्याने अडवायचं. खुर्ची, बॅग, चप्पल, जे हाताला येईल ते मध्ये टाकायची परवानगी.

रस्त्यावर

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलिस प्रशिक्षक डेनिस टुलर यांनी १९८३ मध्ये एक साधी मोजणी मांडली. चाकू घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आतबाहेर अंतर, साधारण दीड सेकंदात कापतो. तुमच्या हॉलमध्ये २१ फूट मोजा आणि जोडीदाराला धावत यायला सांगा. एवढा एक प्रयोग दहा व्याख्यानांना भारी पडतो.

तेव्हा पाकीट मागितलं तर पाकीट द्या. मोबाइल मागितला तर द्या. पळता येत असेल तर पळा, ओरडत पळा, ११२ लावा. मध्ये गाडी, टेबल, फाटक, काहीही येऊ द्या. पाठीवरची सॅक पुढे घ्या. कोपऱ्यात अडकलात आणि समोरचा अंगावरच आला तर दोन्ही हातांनी त्याचा चाकूचा हात घट्ट अडकवून अंगाचा भार टाकून भिंतीला दाबणं आणि मदत येईपर्यंत किंवा निसटेपर्यंत न सोडणं, इतकंच जमण्यासारखं असतं. मनगट मुरगाळून अलगद चाकू काढून घेणं बनियनच्या परीक्षेत किती वेळा जमतं ते मोजून बघा.

आणि प्रथमोपचार शिका. वर्गात निम्मे लोक हे टाळतात, याचा मला राग येतो. जखमेवर स्वच्छ कापडाने थेट, जोराने, न उचलता दाब द्या. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबाने थांबत नसेल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून, टूर्निकेट (रक्त रोखायचा पट्टा) आवळा आणि वेळ लिहून ठेवा. चाकू रुतलेला असेल तर उपसू नका. लढतीनंतर स्वतःचं अंग दोन्ही हातांनी चाचपायची सवय लावा, कारण चाकू लागल्याचं बऱ्याचदा तेव्हा कळतच नाही, ठोसा बसल्यासारखं वाटतं.

कायदा आणि शिक्षक

भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क त्यात नाही. पळणाऱ्याच्या मागे धावून मारलंत तर ते स्वसंरक्षण राहत नाही. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, म्हणून ‘माझा छोटा आहे, चालतो’ असं लोक समजतात. पण महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली शहरात मनाई आदेश निघतात तेव्हा चाकू आणि काठ्यासुद्धा बाळगता येत नाहीत. खिशात चाकू ठेवून फिरू नका. या सगळ्या सरावाचा अर्थ तो नाही.

शिक्षक शोधताना तिकडचा तास आधी बाहेर बसून बघा. जोडीदार विरोध करतो का, की वार टाकून पुतळ्यासारखा हात पुढे ठेवून थांबतो? गॉगल घालतात का? शिक्षक स्वतः लिपस्टिकच्या लढतीत उतरतो का, आणि त्याला लागल्यावर हसतो का? ‘शंभर टक्के’ हा शब्द किती वेळा येतो? एस्क्रिमाचा चांगला वर्ग जवळ नसेल तर जिल्ह्याच्या फेन्सिंग संघटनेकडे जाऊन सहा महिने एपे किंवा सेबर (धारेनेही वार करायची तलवार) करा; आपली फेन्सर भवानी देवी टोकियोला ऑलिम्पिक खेळून आली तेव्हापासून पालकही निदान हा खेळ काय असतो ते विचारत नाहीत. कोल्हापूरच्या बाजूचे असाल तर मर्दानी खेळाच्या आखाड्यात लाठी शिका. पवित्रे वेगळे, पण तिरप्या पावलांची आणि मनगटाची जी तयारी तिथे होते ती थेट इथे कामी येते.

एक शेवटचं, सामानाबद्दल. पुढे कधी ॲल्युमिनियमचा सरावाचा चाकू घेतलात तर तो घेऊन मेट्रोत चढू नका. स्कॅनरच्या पडद्यावर तो अगदी खऱ्यासारखा दिसतो. मी पाऊण तास एका सुरक्षारक्षकाला समजावत होतो की याला धार नाही. त्याने अंगठा फिरवून पाहिला, मान हलवली आणि वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनीही अंगठा फिरवून पाहिला. तेव्हापासून मी दुचाकीने जातो आणि तो डिकीत, मास्कच्या आत गुंडाळून ठेवतो.